टिलर-पायलट दगा देते तेव्हा : छोट्या शिडाच्या बोटीवरील स्वयंचलित सुकाणूची तपासणी

पवना नदीकाठच्या पुनावळ्यापासून समुद्र दूर, घाटाच्या पलीकडे आहे. तथापि हौशी नौकानयन करणाऱ्यांपैकी ज्यांचे घर आणि नोकरी पिंपरी-चिंचवड, हिंजवडी किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आणि बोट मात्र कोकण किनाऱ्यावर असते, त्यांना एक अडचण हमखास भेडसावते. बोटीवर घालवता येतात ते दिवस मोजकेच असतात, आणि नेमक्या त्याच दिवशी सुकाणू सांभाळणारे विजेवरील यंत्र रुसून बसते. कधी ते बोटीला नागमोडी नेते, कधी आपोआप बंद पडते, तर कधी ठरलेली दिशा सोडून वीस-तीस अंश भलतीकडे वळते. यंत्र पूर्णपणे बंद पडले तर निदान त्यावर कोणी विसंबत नाही. धोका असतो तो अर्धवट चालणाऱ्या यंत्राचा. अशा यंत्रातील दोष कोणत्या क्रमाने शोधावा, कोणती तपासणी घरच्या टेबलावर करता येते आणि कोणती पाण्यावरच करावी लागते, याची ही माहिती.

सुकाणू ते कारखाना

चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात भट्टीचे तापमान, मोटारीचा वेग किंवा नळीतील दाब स्थिर राखणारे नियंत्रक 'पीआयडी' या तत्त्वावर चालतात. या तत्त्वाचा उगम जहाजाच्या सुकाणूत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने १९२२ मध्ये स्वयंचलित सुकाणूविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. अनुभवी सुकाण्या केवळ 'दिशा किती चुकली' एवढेच पाहत नाही. ती किती वेगाने चुकते आहे आणि किती वेळ चुकलेली आहे, याचाही तो अंदाज घेतो. मिनोर्स्कीने हे निरीक्षण गणितात मांडले आणि अमेरिकी नौदलाच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या.

छोट्या शिडाच्या बोटींना मात्र असे यंत्र मिळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. १९६० च्या पहिल्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत नाविकांनी वाऱ्याच्या जोरावर चालणारी सुकाणू-पाती वापरली होती. पुढे १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये डेरेक फॉसेट यांनी नॉटेक ही कंपनी काढली आणि तिची 'ऑटोहेल्म' यंत्रे सर्वत्र पोहोचली. हीच परंपरा पुढे 'रेमरीन' या नावाने चालू राहिली. सिमरॅडची 'टीपी' मालिका ही या वर्गातील दुसरी परिचित यंत्रे होत.

यंत्राची रचना

टिलर म्हणजे सुकाणूच्या माथ्याला जोडलेला, हाताने धरायचा दांडा. साधारण वीस ते बत्तीस फुटांच्या अनेक बोटींवर चाकाऐवजी हाच असतो. टिलर-पायलट हे लांबट, एका हातात उचलता येईल असे यंत्र असते. त्याचे एक टोक बोटीच्या बैठकीवर बसवलेल्या पितळी खोबणीत अडकवतात आणि दुसऱ्या टोकाचा मागेपुढे सरकणारा ढकलदांडा टिलरवरील खिळीत बसवतात.

आत चार मुख्य भाग असतात : दिशा ओळखणारे विद्युत होकायंत्र, निर्णय घेणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी, छोटी मोटर, आणि मोटरची गती दातेरी पट्टा किंवा दातेरी चाके व आट्यांच्या दांड्यामार्फत ढकलदांड्यापर्यंत नेणारी यंत्रणा. दिशा चुकली की होकायंत्र सांगते, पट्टी ठरवते, मोटर फिरते, टिलर सरकतो, बोट वळते आणि ते वळणे पुन्हा होकायंत्राला कळते. या साखळीची एक कडी बोट स्वतः आहे. म्हणूनच दोष शोधताना केवळ यंत्राकडे पाहणे पुरेसे नसते.

आधी बोट, मग यंत्र

'यंत्र बिघडले' अशा तक्रारींपैकी अनेकांचे मूळ शिडांच्या मांडणीत असते. वारा वाढला, पण शीड कमी केले नाही, तर बोट वाऱ्याकडे तोंड फिरवू लागते. तिला सरळ ठेवण्यासाठी टिलर सतत वाऱ्याच्या बाजूला ओढून धरावा लागतो. माणूस हे नकळत करतो, कारण त्याच्या हाताला लांब टिलरचा फायदा मिळतो. यंत्राला तो मिळत नाही.

याचा हिशेब सोपा आहे. या वर्गातील लहान यंत्राचा कमाल जोर सुमारे ५७ किलो असतो. ते सुकाणूच्या आसापासून ४६ सेंटिमीटरवर टिलर ढकलते. म्हणजे आसावर मिळणारा पीळ सुमारे २६ किलो-मीटर. टिलर एक मीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाशी माणसाने २६ किलोची ओढ लावल्याएवढेच हे झाले. ही यंत्राची अखेरची मर्यादा होय. तिच्या बऱ्याच आधी मोटर मंदावते, वीज जास्त खाते आणि तापते.

म्हणून पहिली तपासणी यंत्र काढून ठेवून करावी. बोट नेहमीच्या शिडांवर चालू असताना टिलर दोन बोटांनी धरून ती सरळ जाते का, हे पाहावे. जात नसेल तर मोठ्या शिडाची दोरी थोडी सैल सोडावी, शीड एक टप्पा कमी करावे आणि पुन्हा पाहावे. कोकण किनाऱ्यावर सकाळचे मतलई वारे ओसरून दुपारी खारे वारे जोर धरतात. सकाळी दहा वाजता गुणी वाटलेले यंत्र दुपारी तीन वाजता बंडखोर ठरते, ते अनेकदा एवढ्यामुळेच. याच वेळी सुकाणूच्या बिजागऱ्यांत खडखड आहे का आणि तळाला शंख-शिंपल्यांचा थर साचला आहे का, हेही पाहून घ्यावे.

वीज : सर्वांत मोठा संशयित

यंत्र अचानक बंद पडून पुन्हा 'स्टँडबाय' स्थितीत येत असेल, तर निम्म्याहून अधिक तपास विजेच्या तारांमध्येच संपतो. मोटर जोर लावते तेव्हा ती क्षणभर बराच प्रवाह ओढते. तार बारीक असेल किंवा जोडणी गंजलेली असेल, तर त्याच क्षणी यंत्राकडे पोहोचणारा दाब कोसळतो आणि आतला संगणक नव्याने सुरू होतो. नाविकाला वाटते की लाट मोठी आली म्हणून यंत्र घाबरले; प्रत्यक्षात लाटेने मोटरला जोर लावायला लावलेला असतो आणि तारेने हात टेकलेले असतात.

समजा बॅटरीपासून यंत्रापर्यंतचे अंतर पाच मीटर आहे. जाण्या-येण्याची मिळून तार दहा मीटर झाली. तांब्याची तार एक चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम भरतो आणि तीन अँपिअरला अर्धा व्होल्ट वाया जातो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट ०.२ व्होल्टवर येते. मात्र बैठकीतील प्लगच्या पिना हिरवट पडल्या असतील आणि तेथे केवळ अर्धा ओहम रोध तयार झाला असेल, तर तेवढ्याच प्रवाहाला दीड व्होल्ट एकट्या प्लगमध्ये जातो. जाड तार टाकण्याआधी प्लग पाहावा, हा याचा अर्थ.

तपासणीची पद्धत अशी. मल्टिमीटरचे टोक शक्य तितके यंत्राजवळ, प्लगच्या मागच्या बाजूस लावावे. यंत्र रिकामे असताना नव्हे, तर कोणी टिलर हाताने अडवून धरलेला असताना दाब वाचावा. त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवरील दाबही मोजावा. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर दोष तारा, फ्यूज, बटण किंवा प्लगमध्ये आहे. फरक कमी, पण दोन्हीकडचा दाब खाली येत असेल, तर बॅटरीच थकलेली आहे. शिसे-आम्लाच्या निरोगी, विश्रांती घेतलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी रिकामी झाली असे समजावे.

यंत्राची भूकही आधीच ओळखून ठेवावी. सरासरी अर्धा ते एक अँपिअर धरला, तर चोवीस तासांत १२ ते २४ अँपिअर-तास खर्च होतात. रात्रीचा प्रवास असेल, तर दिवे, रेडिओ आणि नकाशायंत्र यांची भर त्यात पडते.

खिळी, खोबणी आणि ढिलाई

विजेनंतर पाळी येते यांत्रिक ढिलाईची. रेमरीनच्या 'एसटी' मालिकेत सुकाणूच्या आसापासून टिलरवरील खिळीचे अंतर ४६० मिलिमीटर आणि खिळीपासून बैठकीवरील खोबणीचे अंतर ५८९ मिलिमीटर दिलेले आहे. टिलर मध्यावर असताना ढकलदांडा त्याला काटकोनात आणि सपाटीत असावा लागतो. खिळी आसाजवळ आली, तर यंत्राला जोर जास्त लावावा लागतो. दूर गेली, तर सुकाणू पुरेसे वळत नाही.

खिळी, खोबणी आणि टिलरचा माथा या तीन ठिकाणची प्रत्येकी दोन-दोन मिलिमीटरची ढिलाई एकत्र आली की यंत्राच्या प्रत्येक हालचालीचा पहिला भाग पोकळीतच वाया जातो. परिणामी बोट डावी-उजवी करत नागमोडी चालते आणि मोटर क्षणभरही थांबत नाही. टिलर एका हाताने पकडून यंत्राचे शरीर दुसऱ्या हाताने हलवावे. खडखड कोठे आहे ते बोटांना लगेच कळते. खोबणी लाकडात किंवा फायबरमध्ये सैल झाली असेल, तर ती काढून भोक इपॉक्सीने भरावे आणि पुन्हा पाडावे. नुसता स्क्रू घट्ट करणे हा आठवड्याभराचा उपाय ठरतो.

मोटरचा आवाज येतो, पण ढकलदांडा सरकत नाही किंवा अडखळत सरकतो, तर आतील दातेरी पट्टा घसरत असल्याची किंवा आट्यांचा दांडा झिजल्याची शक्यता असते.

होकायंत्र आणि लोखंड

यंत्र चालते, जोरही लावते, परंतु दिशा चुकीची धरते, अशा वेळी होकायंत्राकडे वळावे. मुंबईच्या किनाऱ्याजवळ खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील फरक एका अंशाहूनही कमी आहे. त्यामुळे मोठी चूक दिसली, तर तिचा दोष पृथ्वीवर टाकता येत नाही. लोखंड बोटीवरच कोठेतरी आहे.

टिलर-पायलटमधील होकायंत्र यंत्राच्या पोटातच असते, म्हणजे ते बैठकीच्या अगदी काठावर, माणसांच्या वावरात येते. बैठकीखालच्या कप्प्यात ठेवलेला पान्यांचा डबा, गंजका नांगर, ध्वनिवर्धक, चुंबकी झाकणाचे मोबाइलचे पाकीट, सुरी, यांपैकी काहीही जवळ आले की यंत्राची 'उत्तर' सरकते. सुमारे पाऊण मीटरच्या आत लोखंड किंवा चुंबक येऊ देऊ नये. बोटीच्या मुख्य होकायंत्रापासूनही एवढेच अंतर राखावे.

चुकीचा नमुना पाहून कारण ओळखता येते. चूक ठरावीक दिशांनाच येते आणि इतर दिशांना येत नाही, तर बोटीवरील स्थिर लोखंडाचा प्रभाव आहे. चूक मधूनच येते आणि जाते, तर कोणीतरी खिशात किंवा हातात काही घेऊन जवळ बसते आहे. बोट एका बाजूला कलली की चूक वाढते, तर यंत्र आडवे सपाट बसलेले नाही किंवा आतील होकायंत्राचा झुलता भाग अडकतो आहे.

स्थिर लोखंडाच्या प्रभावाची दुरुस्ती अनेक यंत्रे स्वतः करून घेतात. शांत पाण्यात, भरतीच्या प्रवाहापासून दूर, इंजिनावर दोन नॉटपेक्षा कमी वेगाने बोट गोल फिरवायची असते. एका पूर्ण फेरीला किमान दोन मिनिटे लागली पाहिजेत. घाईने घेतलेली फेरी यंत्र नाकारते. फेरी झाल्यावर किनाऱ्यावरील दोन ओळखीच्या खुणा एका रेषेत धरून वाचन पडताळावे.

आज मिळणाऱ्या नव्या यंत्रांत होकायंत्राच्या जोडीला वळण्याचा वेग आणि कल मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. मागून येणाऱ्या लाटांत जुन्या यंत्रांची जी त्रेधा उडते, ती यामुळे पुष्कळ कमी होते. जुने यंत्र लाटेने बोट वळवल्यानंतर जागे होते. नवे यंत्र वळण सुरू होताच. 'पायपायलट' या खुल्या आज्ञावलीच्या आधारे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर असे नियंत्रक स्वतः बांधणारे हौशी नाविकही जगभर आहेत.

संवेदनशीलतेची मांडणी

यंत्राने किती चुकीला किती सुकाणू द्यावे, ही मांडणी वापरणाऱ्याच्या हाती असते. हिला 'रडर गेन' म्हणतात. ती चुकली, तर निर्दोष यंत्रही बिघडल्यासारखे वागते. पडताळणीसाठी शांत पाण्यात, इंजिनावर नेहमीच्या वेगाने जात असताना दिशा एकदम ४० अंशांनी बदलण्याची आज्ञा द्यावी. बोट ठामपणे वळून नव्या दिशेपलीकडे पाच अंशांपेक्षा जास्त न जाता स्थिरावली, तर मांडणी योग्य. ती पुढे जाऊन परत येते आणि पुन्हा पुढे जाते, तर मांडणी कमी करावी. आळसावून, ओढल्यासारखी वळते, तर वाढवावी.

दुसरी मांडणी किरकोळ हेलकाव्यांकडे दुर्लक्ष करण्याची. बोट प्रत्येक लाटेवर दोन-चार अंश डोलते आणि स्वतःच सावरते. त्या प्रत्येक डोलण्याला उत्तर देत बसणारे यंत्र वीज जाळते आणि पट्टा झिजवते. मोकळ्या समुद्रात हे दुर्लक्ष थोडे वाढवावे, अरुंद खाडीत कमी करावे.

वारा वाढल्यावर बोट ठरलेल्या दिशेच्या एकाच बाजूला पाच-दहा अंश सरकून तशीच चालत राहते, हाही अनेकांचा अनुभव. कारखान्यातील नियंत्रण अभियंत्याला ही खूण ओळखीची वाटेल. चुकीच्या प्रमाणात उत्तर देणारा नियंत्रक सततच्या भारापुढे थोडी चूक शिल्लक ठेवतोच; ती भरून काढण्यासाठी साठत जाणाऱ्या चुकीचा हिशेब लागतो. यंत्रात ती सोय असेल, तर तिला मिनिटभर वेळ द्यावा. नसेल, तर दिशा हाताने तेवढी सुधारून द्यावी.

पाणी, दमट हवा आणि रेडिओ

या यंत्रांचा खरा शत्रू पाणी होय. ढकलदांडा शरीरातून बाहेर येतो तेथे रबरी सील असते. उन्हात यंत्र तापते, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. मग लाटेचा गार तुषार पडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने खारे पाणी आत ओढले जाते. कोकणातील दमट हवेत हे न दिसता चालू राहते. पडद्याच्या आतल्या बाजूस धुके दिसले, बटणे आपोआप दाबली गेल्यासारखी वाटली किंवा यंत्र सकाळी चालून दुपारी बंद पडू लागले, तर पाणी आत शिरले असे धरून चालावे.

फिक्या रंगाचे कापडी आवरण, वापर नसताना यंत्र काढून घेण्याची सवय आणि प्रत्येक प्रवासानंतर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने ढकलदांडा पुसणे, हे तीन उपाय महागड्या दुरुस्तीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. दाबाच्या पाण्याने यंत्र कधीही धुऊ नये.

रेडिओवर बोलण्यासाठी बटण दाबले की टिलर झटका देतो, तर तारांतून रेडिओलहरी आत शिरत आहेत. यंत्राची तार ॲंटेनाच्या तारेपासून वेगळी काढावी आणि तीवर फेराइटचे कडे चढवावे. नकाशायंत्र किंवा वारामापक जोडलेला असेल, तर दोष शोधताना प्रथम त्यांची जोडणी काढून टाकावी. एकट्याने नीट चालणारे यंत्र जोडणीनंतर भरकटले, तर दोष बाहेरून येणाऱ्या माहितीत आहे.

पुनावळ्याच्या घरी काय करता येईल

बोट किनाऱ्यावर राहते, पण यंत्र पिशवीत घालून घरी आणता येते. घाटावर राहणाऱ्यांना हा मोठा फायदा आहे. योग्य फ्यूज लावून बारा व्होल्टची चांगली बॅटरी जोडावी आणि ढकलदांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा. हा प्रवास सुमारे २४ ते २५ सेंटिमीटरचा असतो. त्यास लागणारे सेकंद वहीत लिहून ठेवावेत. यंत्र चांगले असताना घेतलेली ही नोंद पुढे मोलाची ठरते; वेळ वाढत चालला, तर पट्टा, बेअरिंग किंवा मोटरचे ब्रश झिजत आहेत.

होकायंत्राची चाचणी मात्र सदनिकेत करू नये. पुनावळे, रावेत, ताथवडे येथील उंच इमारतींच्या स्लॅबमध्ये आणि खांबांत लोखंडी सळ्या असतात; तळघरातील वाहनतळात तर भोवती गाड्याही. तेथे घेतलेले वाचन निर्दोष यंत्रालाही दोषी ठरवील. यंत्र मोकळ्या मैदानात न्यावे आणि गाडीपासून दूर, लाकडी स्टुलावर सपाट ठेवावे. 'ऑटो' स्थितीत ते हळूहळू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले, तर उजव्या बाजूस बसवण्याच्या मांडणीतील ढकलदांडा आत गेला पाहिजे. उलट फिरवल्यास बाहेर आला पाहिजे. डाव्या बाजूच्या मांडणीत हे उलटे होते. ही मांडणी चुकीची राहिली असेल, तर यंत्र चूक सुधारण्याऐवजी वाढवत नेते आणि बोट गोल फिरू लागते.

यंत्र उघडायचे ठरले, तर आधी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. खाऱ्या पाण्याचे पांढरे-हिरवे डाग शुद्ध पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या ब्रशने साफ करावेत, पूर्ण वाळू द्यावे. सील आणि ओ-रिंग बदलताना जुन्याचा अंतर्व्यास व जाडी कॅलिपरने मोजावी. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यास त्या मापाची वस्तू मिळवणे इतरांपेक्षा सोपे आहे. नव्या सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. पेट्रोलियमयुक्त ग्रीस काही रबरांना फुगवते, म्हणून ते टाळावे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर ते उघडू नये.

लक्षणांवरून निदान

१. अचानक बंद पडून 'स्टँडबाय'वर येणे : प्लग, तार, बॅटरी या क्रमाने पाहावे.

२. सतत नागमोडी चाल : खिळी-खोबणीची ढिलाई, त्यानंतर जास्त ठेवलेला 'रडर गेन'.

३. जोराच्या वाऱ्यात बोट वाऱ्याकडे पळणे : शीड कमी करावे, यंत्राला हात लावू नये.

४. ठरावीक दिशांनाच चूक : बोटीवरील लोखंड, होकायंत्राची फेरी.

५. मोटरचा आवाज, पण हालचाल नाही : दातेरी पट्टा किंवा आट्यांचा दांडा.

६. सुरू करताच गोल फिरणे : डावी-उजवी मांडणी उलट.

७. सकाळी चालणे, दुपारी रुसणे : आधी शिडांचा भार, मग आत शिरलेले पाणी.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. प्लग साफ केला, गेन बदलला आणि शीडही उतरवले, तर यंत्र सुधारले तरी कशामुळे, ते कळत नाही. आणि दोष पुढच्या प्रवासात परत येतो.

सागर परिक्रमांचा धडा

या भागाचा नौकानयनाशी संबंध नवा नाही. दापोडी येथे ज्या दलाचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्या अभियंता दलाच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात 'तृष्णा' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होती. याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही. तो झोपतो तेव्हा बोट दुसऱ्या कोणीतरी चालवावी लागते.

सुकाणू हा बोटीचा किती नाजूक अवयव आहे, हे 'तारिणी'नेही दाखवून दिले. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये केलेल्या प्रदक्षिणेत, घर जवळ आलेले असताना, सुकाणू यंत्रणेतील बिघाडामुळे बोटीला एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावे लागले. दुरुस्ती करून ती मे महिन्यात गोव्यास परतली. आटोक्यात असतानाच बंदर गाठणे, हाही दुरुस्तीचाच भाग असतो.

गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेवरील स्वयंचलित सुकाणूला परवानगीच नाही. तेथे वाऱ्यावर चालणारी पातीच वापरावी लागतात. २०२३ मध्ये त्या शर्यतीत दुसरे आलेले टॉमी यांनी वाटेत मोडलेली पाती बोटीवरच्याच साहित्यातून दुरुस्त करून उरलेला प्रवास केला. विजेवर न चालणारा एक पर्याय हाताशी असावा, हा त्यातील बोध छोट्या बोटीलाही लागू पडतो. पुढच्या शिडाची दोरी वाऱ्याच्या बाजूने कप्पीतून टिलरला आणि दुसऱ्या बाजूने रबरी दोर बांधला, तर वाऱ्याचा झोत वाढताच शीडच टिलर ओढून बोटीला सावरते. ही जोडणी शांत दिवशी दोन-तीन वेळा करून पाहावी, म्हणजे गरजेच्या वेळी गाठ कोठे मारायची हे शोधावे लागत नाही.

यंत्र चांगले चालते तेव्हाचा धोका

दोष दूर झाल्यावर एक गोष्ट उरते. पाच नॉट वेगाने जाणारी बोट एका मिनिटात सुमारे १५४ मीटर पुढे जाते. एकटा नाविक पाण्यात पडला आणि यंत्र उत्तम चालत असेल, तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही. ठरलेल्या दिशेने सरळ निघून जाते. याउलट तो डोलकाठीजवळ शीड आवरत असताना यंत्र बंद पडले, तर बोट फिरते आणि शिडाचा आडवा बांबू जोराने दुसऱ्या बाजूला येतो. म्हणजे चालणारे आणि न चालणारे, दोन्ही यंत्रे एकच मागणी करतात : जागेवरून उठण्याआधी कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला असावा.

टिलर-पायलट समोरचे काही पाहत नाही. मुंबई बंदराच्या मार्गावर ये-जा करणारी मोठी जहाजे, रायगडच्या किनाऱ्याजवळ मच्छीमारांनी लावलेली डोल जाळी आणि त्यांची बोये, यांची त्याला जाणीव नसते. डोळ्यांनी व कानांनी सतत टेहळणी ठेवणे हे आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार प्रत्येक नौकेवर बंधनकारक आहे, आणि स्वयंचलित सुकाणू त्यातून सूट देत नाही. बंदरात शिरताना, जाळ्यांच्या भागात आणि जहाजांच्या मार्गाजवळ यंत्र काढून टिलर हातात घ्यावा. यंत्र खिळीवरून एका झटक्यात उचलता येते की नाही, हे प्रत्येक प्रवासाच्या सुरुवातीला करून पाहावे. ते अडकत असेल, तर त्या दिवशीची पहिली दुरुस्ती तीच.